मंगळवार, गुरुवार, शनिवार

शनिवार, २९ मार्च २०२५

पासपोर्ट कोणाकोणाकडे आहे, असं नम्रता मॅडमनी विचारलं आणि माझा हात वर गेला. माझ्या जोडीची टेक्निशियन सृष्टी माझ्याकडे बघत राहिली. मलाही माझा हात वर दिसला तेव्हाच कळलं.

काल म्यानमारला मोठा भूकंप झाला. मॅडम आमच्या सेंटरच्या किडनीच्या डॉक्टर, आणि अशा वेळी डायलिसिसची टीम पाठवणाऱ्या एका संस्थेत त्या आहेत. पहिल्या शिफ्टची माणसं मशीनला लागल्यावर त्यांनी आम्हाला पाण्याच्या खोलीत बोलावलं. ढिगाऱ्याखाली दबलेला माणूस जिवंत बाहेर निघतो, बोलतो, चहा पितो – आणि दोन-तीन दिवसांनी त्याची लघवी बंद होते. चेंगरलेल्या स्नायूंमधली घाण रक्तात उतरते, किडन्यांना ती झेपत नाही. तेव्हा डायलिसिस मिळाला तर काही आठवड्यांत किडन्या पुन्हा चालू होतात. नाही मिळाला तर संपलं.

पुन्हा चालू होतात. इतकी वर्षं हे काम करते, असं माणूस मी पाहिलेलं नाही. आमच्याकडे जो खुर्चीवर बसतो तो बसतोच.

मग मॅडम म्हणाल्या, "तिथे फिस्टुला कोणाला असणार? परवापर्यंत धडधाकट होती ही माणसं. गळ्यात नळी घालावी लागेल, ती मी घालीन. टेक्निशियननी मशीन आणि पाणी सांभाळायचं."

फिस्टुला – सुयांसाठी हातात तयार केलेली शीर – नाही, म्हणजे हातात सुया घालायच्या नाहीत. पासपोर्टचं त्यानंतर विचारलं. हे फक्त इथे लिहिते.

घरी येऊन पासपोर्ट शोधला. राकेशची कंपनी सगळ्यांना थायलंडला नेणार होती, तेव्हा आम्हा नवरा-बायकोचे काढले होते. मग त्याच्या किडन्या गेल्या. दोन्ही एकाच पिशवीत, कोरे. माझा घेतला, त्याचा परत ठेवला.

रविवार, ३० मार्च

पाडवा. समोरच्या इमारतीत गुढ्या. आमच्यात उभारत नाहीत, त्यामुळे यंदा काही वेगळं वाटायचं कारण नाही. शेजारून श्रीखंड आलं. द्यायला आलेल्या बाईंनी दारातच आवाज खाली आणला – "सुटले हो बिचारे." राकेश जाऊन पाच महिने होत आले तरी लोक अजून म्हणतात. मी मान हलवते.

रविवार म्हणजे आमच्याकडे पाण्याचा दिवस. राकेशचा डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार. शनिवार झाला की मधे दोन दिवस मशीन नाही, प्यालेलं पाणी अंगात राहणार. म्हणून रविवारी-सोमवारी त्याला मोजून पाणी. तोंड सुकलं की बर्फाचा खडा चोखायचा आणि पेपर वाचायचा. सासूबाई आणि मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायचो. तोंड भिंतीकडे, पाठ दाराकडे. भांड्याचा आवाज होऊ द्यायचा नाही. असं करायचं, हे आम्ही कधी बोलून ठरवलं नव्हतं.

आज दुपारी मी तशीच प्यायले. वळून बघते तर सासूबाई ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून पाणी पितायत. घरात तिसरं माणूस नाही.

म्यानमारचं अजून सांगितलं नाही.

सोमवार, ३१ मार्च

सोमवार. कामावर जाऊन आले.

मंगळवार, १ एप्रिल

रावसाहेबांना कळलं. त्यांना सगळं कळतं. मंडईत फळांचा गाळा होता, आता मुलगा बघतो. सेंटरवर खिडकीजवळची खुर्ची त्यांची. शेजारची राकेशची होती. तिथे आता मांजरी गावाहून एक शिक्षक येतात, भले आहेत, पण रावसाहेबांना ते अजून पसंत नाहीत.

"काय चैतालीबाई, परदेश म्हणे?"

अजून नक्की नाही, म्हटलं.

"बरोबर आहे. इथली गिऱ्हाइकं फार टिकाऊ. तिकडची महिन्याभरात बरी होऊन घरी जातात, असं मॅडम सांगत होत्या. आम्हाला कंटाळलात, सरळ सांगा."

सगळी खोली हसली. मीही हसले. पण शनिवारी मी इथे जे लिहिलं तेच हे म्हातारं इतक्या सहज बोललं, त्यामुळे कानाशी गरम झालं.

हापूसची पहिली पेटी आली म्हणून त्यांनी मुलाकडून आंबा मागवला होता. जन्मभर फळं विकली आणि आता पोटॅशियममुळे आंबा, केळं, मोसंबी सगळं बंद. फक्त मशीनवरच्या पहिल्या तासात एक फोड चालते. जे खाल्लं ते मशीन काढून टाकतं. राकेशही पहिल्या तासात खायचा. त्याचं ठरलेलं – एक बटाटेवडा, बाहेरच्या गाडीवरचा, मिरची वेगळी. रावसाहेब त्याला म्हणायचे, "अरे, एक तास मिळतो त्यात बटाटा खातोस? तुझ्यासारखी माणसं लोकशाहीला लायक नाहीत."

दुपारी लसी घेतल्या. संध्याकाळी पाणी शुद्ध करणाऱ्या छोट्या मशीनचं शिक्षण. इथल्या यंत्राचंच छोटं भावंड, दोन पेट्यांत मावतं. तिथलं पाणी कसं असेल सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक वेळी क्लोरीन तपासायचा. पाण्यात क्लोरीन राहिला तर माणसाचं रक्त मशीनमध्येच फुटतं. मी तीनदा जोडलं, तीनदा सोडलं. मॅडम म्हणाल्या, "पाण्याची काळजी मिटली."

बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी काहीतरी पूर्ण जमलं.

बुधवार, २ एप्रिल

सगळं बदललं.

तिकडून निरोप आला म्हणे. दबलेली माणसं आहेतच, पण आधीपासून डायलिसिसवर असलेलेही आपल्याकडे येतील. इमारत पडली की सेंटरही जातं. मॅडमचे शब्द – "त्यांचे वार चुकलेत." चुकलेले वार म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको.

आणि त्यांना फिस्टुला असणार.

"त्यामुळे दोन्ही टेक्निशियनना सुया घालता आल्याच पाहिजेत. अनोळखी हात, कमी उजेड. शनिवारी मी दोघींचा हात बघते." दोघी म्हणजे सृष्टी आणि मी. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचं काय बघायचं म्हणा, तुम्ही सहा वर्षं घरचाच हात सांभाळलात."

मॅडम आठवड्यातून दोनदा येतात. त्यांना माहीत नाही. नोव्हेंबरपासून मी एकही सुई घातलेली नाही. सृष्टी सगळ्यांना लावते, मी तिच्या वाटणीची पाण्याची खोली आणि मशीन धुणं करते. असं करू या, हे तिनेही कधी म्हटलं नाही. रजेवरून परत आले त्या दिवशी तिने माझ्या हातून ट्रे घेतला, तेव्हापासून तो तिच्याकडेच आहे.

आता लिहूनच टाकते.

फिस्टुलाला सुई लावण्याआधी बोट ठेवून बघावं लागतं. शीर ऑपरेशनने धमनीला जोडलेली असते, रक्त जोरात जातं, म्हणून हाताखाली सारखी घरघर लागते. राकेश म्हणायचा, आत पिठाची गिरणी चालू आहे. गिरणी चालू असली की सगळं ठीक. ती मी दिवसातून दहादा बघायचे, त्याच्या हातात चहाचा कप देताना, शर्टाची बाही ओढताना. नोव्हेंबरातल्या त्या सोमवारी सकाळी चहा घेऊन गेले आणि सवयीने मनगटाच्या वर बोट ठेवलं.

गिरणी बंद होती.

अजून काहीच पाहिलं नव्हतं. चेहरासुद्धा नाही. बोटालाच आधी कळलं.

तेव्हापासून कोणाच्याही हातावर बोट ठेवायची वेळ आली की वाटतं – नसेल. समोर माणूस गप्पा मारत बसलेला असतो तरी वाटतं. सुई मला घालता येते. त्याच्या आधीचं बोट ठेवता येत नाही.

गुरुवार, ३ एप्रिल

प्रयत्न केला. दोन नंबरच्या खुर्चीवरच्या आजी. गरीब, कधी हूं की चूं करत नाहीत. ग्लोव्हज घातले, हात पुसला, पट्टा बांधला. आजी म्हणाल्या, "आज तू का गं? बरं झालं." माझं बोट त्यांच्या हाताच्या वर थांबलं. टेकलं नाही.

मी म्हटलं, "सृष्टी, जरा ये गं. माझा फोन वाजतोय."

सृष्टी आली. लावून गेली.

नंतर रावसाहेबांचं बीपी घ्यायला गेले. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "फोन वाजला नाही."

मी पट्टा गुंडाळत राहिले.

"पाच महिने बघतोय. नळाला हात लावता, मशीनला लावता. माणसाला लावत नाही. तिकडे काय नळ दुरुस्त करायला चाललात?"

त्यांचं बीपी दोनदा घ्यावं लागलं, पहिल्यांदा आकडा वाचायचाच राहिला.

उद्या मॅडमना सांगून टाकावं – नाव काढा. कारण घरचं सांगता येईल. वर्ष झालेलं नाही, सासूबाई एकट्या. कोणी पुढे विचारणार नाही.

शुक्रवार, ४ एप्रिल

मॅडमना फोन करायच्या आधी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी नको म्हणावं, म्हणजे मला खोटं बोलावं लागणार नाही, असं मनात होतं.

त्या कोथिंबीर निवडत होत्या, समोर टीव्ही. मी म्हटलं, "आई, भूकंपाच्या तिथे टीम चाललीये. माझं नाव आहे. म्यानमारला."

"म्हंजे बरमा?"

"हो."

"बाबासाहेब गेले होते तिथं." थोडा वेळ कोथिंबीर. "किती दिवस?"

"तीन आठवडे."

"तीन आठवडे." त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "राकेशचं सुरू झाल्यापासून दोन रात्रीच्या वर तू कुठं रायली नाही. मी बी नाही."

मी वाट बघत होते. वर्ष नाही झालं अजून, लोक काय म्हणतील, मी एकटी कशी राहू – यातलं काहीतरी येईल म्हणून. चाळीस वर्षं पुण्यात काढली तरी त्यांची बोली वर्ध्याचीच आहे, आणि अशा वेळी ती जास्त येते.

"लोक येते, चहा पिते अन् म्हनते, राकेश सुटला. सुटला तो. खरं हाय, लय सोसलं त्यानं." देठं एका बाजूला, पानं एका बाजूला. "आपन दोघी बी सुटलो. हे कोनी म्हनत नाही. तू बी म्हनत नाही, मी बी म्हनत नाही. पन मंगळवारी पहाटे मले जाग येते, अन् मंग आठवते का आज डबा नाही करायचा, रिक्षा नाही पाहायची. अन् मी पुन्हा झोपते. माय हाय मी त्याची, अन् मले झोप लागते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही नाही. म्हटलं, "मलाही लागते."

"लागू दे मंग," म्हणाल्या, आणि आवाज परत मोठा केला.

काय वाटलं ते नीट लिहिता येत नाही. पाठीवरचं काहीतरी कोणीतरी उचलून बाजूला ठेवावं तसं. बाजूलाच ठेवलंय, नाहीसं झालेलं नाही. पण पाठीवर नाही.

मॅडमना फोन केला नाही.

शनिवार, ५ एप्रिल

मॅडम आठ वाजता आल्या. आधी सृष्टी. मांजरीच्या सरांना सुया लावल्या, दोन मिनिटांत, बोलत बोलत. मॅडम म्हणाल्या छान.

मग मी. ट्रे घेऊन उभी राहिले, कोणाकडे जावं ते कळेना. आजी उद्या-परवा काय काय करणार ते शेजारणीला सांगत होत्या. तेवढ्यात खिडकीकडून –

"इकडे या. मी काय उद्घाटनाला आलोय?"

रावसाहेबांनी बाही वर केलेली होती. त्यांचा हात बारा-तेरा वर्षांचा, ठिकठिकाणी फुगलेला, गाठीगाठींचा. नवीन मुली त्या हाताला घाबरतात. ते स्वतः म्हणतात, मंडईसारखा आहे – कुठूनही शिरा, बाहेर निघालात म्हणजे मिळवली. आणि ते कोणालाही पहिली संधी देत नाहीत. सृष्टीला त्यांनी सहा महिने जवळ येऊ दिलं नव्हतं.

मॅडम माझ्या मागे. मी हात पुसला, पट्टा बांधला. बोट थांबलं.

रावसाहेब हळू आवाजात म्हणाले, एवढ्या हळू की मॅडमना ऐकू गेलं नसेल, "चालू आहे. सकाळी मी स्वतः बघून आलोय. खोटं वाटतं तर बघा."

बोट टेकलं.

होती. अशी जोरात होती की बोट हललं. त्यांच्या त्या वेड्यावाकड्या हातात गिरणी मस्त धडधडत होती, कोणाची पर्वा नसल्यासारखी. मी बोट काढलंच नाही. किती वेळ ते माहीत नाही. मॅडम मागून "हं?" म्हणाल्या तेव्हा भानावर आले.

मग सुई. पहिली, लगेच नळीत रक्त आलं. दुसरी वर, फुगवटा सोडून. चिकटपट्टी. मशीन सुरू. हात अगदी स्थिर होता, त्याला काही झालेलंच नव्हतं.

"ठीक," मॅडम म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्यांच्या दृष्टीने काही घडलंच नाही, हे फार बरं वाटलं.

रावसाहेब म्हणाले, "दुखलं."

"खरंच?"

"नाही. पण कौतुक करायची सवय नाही आम्हाला." मग आंब्याच्या डब्याकडे बोट दाखवलं. "पहिला तास चालू आहे. एक फोड तुम्ही घ्या, तुम्हाला काय, दिवसभर चालतं."

पाण्याच्या खोलीत जाऊन खाल्ली. तिथे रडले थोडी. राकेश गेल्यावर लोकांसमोर जेवढं रडायला हवं होतं तेवढं रडले नव्हते, म्हणून माझ्याबद्दल बोललं गेलं होतं. आज आंब्याची साल हातात घेऊन उभी होते. आंबा आंबट निघाला होता, पहिल्या पेटीचा असतोच.

नंतर आजींनाही मीच लावल्या.

रविवार, ६ एप्रिल

बॅग भरली. वजन ठरवून दिलंय, त्यामुळे वादच नाही. जाड तळाचे बूट, विजेरी, मच्छरदाणी, सुती कपडे, औषधं. सासूबाईंनी तीळ-जवसाची चटणी आणि भाजलेले शेंगदाणे दिले. शिवाय लाडू. मी म्हटलं वजन होईल. म्हणाल्या, "बूट काढ."

विहारात त्यांनी सगळ्यांना सांगितलंय – सून बरमाला चालली, बुद्धाच्या देशात. वंदना झाल्यावर बायका येऊन माझा हात हातात घेत होत्या. नोव्हेंबरातही याच बायकांनी असाच घेतला होता. आज त्यांना काय म्हणावं ते कळत होतं, मलाही. सासूबाईंचं एकच मागणं – तिथल्या विहारात एक मेणबत्ती लाव. "पाडून नसन टाकलं तर," हेही वर.

पाणी अजून पाठ फिरवूनच पितो. बघून हसू आलं. त्यांनाही.

सोमवार, ७ एप्रिल

आज सेंटरवर सुया मीच लावल्या, सृष्टी पाण्याला. ती म्हणाली, "ताई, त्या खोलीत किती बोअर होतं. तुम्ही पाच महिने काय करत होता?"

सोमवार असूनही दोन ओळी लिहिल्या.

मंगळवार, ८ एप्रिल

निघायचं शनिवारी. आधी कोलकाता, तिथून पुढे. परवानगीचा कागद यायचाय, मॅडम म्हणतात येईल. चार मेपर्यंत रजा मंजूर.

रावसाहेबांनी आज मुद्दाम पेपर बाजूला ठेवला. "तीन आठवडे म्हणजे आमच्या नऊ खेपा. परत याल तेव्हा आम्ही इथेच. नसलो तर खुर्ची रिकामी दिसेलच, वेगळं विचारायला नको."

मी म्हटलं, असं बोलू नका.

"का? तुम्हाला तिकडे जाऊन हेच बघायचंय ना रोज?" मग थोड्या वेळाने, दुसरीकडे बघत, "तिथे आपल्यासारखा एखादा भेटेल. वार चुकलेला. घाबरलेला असेल. त्याला सांगा, पुण्यात एक म्हातारा बारा वर्षं बसलाय, अजून उठवता येत नाहीये कोणाला."

त्यांची भाषा येत नाही मला, म्हटलं.

"मग आंबा द्या. पहिल्या तासात."

गुरुवार, १० एप्रिल

परवानगी आली नाही.

मॅडमचा फोन – उद्या दुपारपर्यंत वाट बघू. तोपर्यंत बॅग दाराशी. येता-जाता पायाला लागते.

शुक्रवार, ११ एप्रिल

रद्द.

मॅडमनी स्वतः येऊन सांगितलं. आपल्याला पाठवायचं होतं त्या ठिकाणी दुसरी टीम आधीच पोचली, मशीन आणि माणसं घेऊन. आता आणखी माणसं गेली तर त्यांच्याच राहण्या-जेवणाचा भार. संस्थेने कळवलं – थांबा, आभारी आहोत.

सृष्टीला रडू आलं. तिने नवीन बूट घेतले होते. मॅडमचाही चेहरा उतरलेला. मी विचारलं, "म्हणजे त्या लोकांचे डायलिसिस सुरू झाले?"

"हो. चार दिवस झाले."

"सगळ्यांचे? आधीपासूनच्यांचेही?"

"हो, त्यांचेही."

मग काय, म्हटलं मनात. त्यांना वार मिळाले. कोणी दिले त्याने काय फरक पडतो? मला वाईट वाटेल म्हणून मी थांबले, वाट बघितली. आलं नाही. जायचं होतं मला, खरंच जायचं होतं. नळ्यांच्या आड लपायला जायचं होतं ते नंतर राहिलं नाही, नुसतं जायचं होतं. पण जायच्या तयारीत जे व्हायचं होतं ते गेल्या शनिवारी खिडकीजवळ होऊन गेलं. ते कोणी रद्द करू शकत नाही.

घरी आले. सासूबाईंना सांगितलं. त्या पलंगावर बसल्या. मला वाटलं, विहारातल्या बायकांना आता काय सांगायचं, याचा विचार करतायत.

मी बॅगेची चेन उघडायला वाकले.

"काऊन वं उघडते?"

"कपडे काढते, आई. चटणी फ्रिजमध्ये ठेवते."

"रजा हाय ना तुले?"

"चार मेपर्यंत. पण परत कामावर—"

"राहू दे बंद." उठल्या, कपाटातून त्यांची निळी पिशवी काढली. "देवळीले जाऊ. जया सहा वर्सं झाले बोलावून रायली. दरवेळी म्हनते, ये बाई, राहा आठ दिवस. मी म्हनते, पोराचा वार हाय." जया म्हणजे त्यांची धाकटी बहीण, आमची जयामावशी, वर्ध्याजवळ देवळीला असते. "भीमजयंती तिथंच करू औंदा. बरमात नाही तं देवळीत. मेनबत्ती काय, कुठं बी लागते."

"किती दिवस?" मी विचारलं. सवयीने.

त्यांनी पिशवीत पातळं ठेवता ठेवता माझ्याकडे बघितलं. "पाहू," म्हणाल्या.

रावसाहेबांना फोन करून सांगितलं, टीम रद्द झाली, तरी रजेवर जातेय. म्हणाले, "म्हणजे भूकंपही लागला नाही तुम्हाला आमच्यापासून पळायला. जा. पण या. त्या सृष्टीच्या बडबडीने आमचं बीपी वाढतं."

शनिवार, १२ एप्रिल

ट्रॅव्हल्सची गाडी. बूट बॅगेतच राहिले, लाडूही. वाटेत सासूबाईंनी लाडू शेजारच्या सीटवरच्या लोकांना वाटले आणि सांगितलं की हे बरमाला चालले होते.

देवळी

जयंती होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. उन्हाने डोळे उघडत नाहीत. आज सासूबाई अंगणात माठापाशी उभ्या होत्या. गडू वर धरून, मान मागे टाकून, सगळ्यांसमोर पाणी प्यायल्या. गळ्यावरून ओघळ पदरात. मग मला भरून दिला. मीही तशीच प्यायले.

आता लिहायला बसले तर वार आठवेना. पंखा घेऊन पडल्या होत्या, त्यांना विचारलं – आई, आज वार कोणता?

डोळे न उघडता म्हणाल्या, "काऊन? कुठं जायचं हाय?"